दुखतंय का?

लोक मला अजून विचारतात, ग्लेन सग्डन माणूस म्हणून कसा होता हो? मी सांगते, पाय पुसून घरात यायचा, ताटात काही टाकायचा नाही, आणि माझा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा कोळशाच्या बादल्या त्यानेच उचलून आणल्या. एवढं ऐकून लोक खूश होतात. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून मी न विचारताच सांगते.

माझं घर मैदानापासून दोन गल्ल्या अलीकडे. हॅस्लवर्थ टाउन फुटबॉल क्लबची बाहेरगावची पोरं माझ्याकडे राहायची, जेवायची. सोळाव्या वर्षी यायची, अठराव्या वर्षी क्लब सांगायचा, ठेवला की नाही ठेवला. ठेवलेला पोरगा लवकरच एखादी पोरगी गटवून वेगळं बिऱ्हाड करायचा. न ठेवलेला त्याच दुपारी बॅग भरायचा आणि मागे उशीचा अभ्रा ओला ठेवून जायचा. माझ्या घरातून किती गेले ते मी मोजलं नाही. मोजून करायचंय काय?

ग्लेन आला तेव्हा मी स्वतःच नवी नवरी होते. हा खाणीतल्या माणसाचा मुलगा, कान मोठे, बोलणं कमी. त्या काळी पोरांना शिकवायला हॅरल्ड बर्टविसल नावाचा म्हातारा होता. लागलं तर चोळायचं नाही, हा त्याचा पहिला धडा. ज्याने लाथ मारली त्याला आपलं दुखणं कळता कामा नये. यात नवीन काही नव्हतं, आमच्याकडच्या सगळ्याच मैदानांवर पोरांना हे शिकवतात. पण बर्टविसलची एक स्वतःची चाल होती. सराव रंगात आला की एखाद्या लंगडणाऱ्या पोराजवळ तो जायचा, खांद्यावर हात टाकायचा आणि अगदी आईच्या मायेने विचारायचा, "दुखतंय का रे? बस जरा."

जो बसला, तो शनिवारच्या संघातून गेला.

ग्लेन सतराव्या वर्षी बसला. घोटा पावासारखा फुगलेला. म्हाताऱ्याने आपला कोट काढून त्याच्या अंगावर घातला, स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. संध्याकाळी ग्लेन मला म्हणाला, "मावशी, म्हातारा वाटतो तितका वाईट नाहीये हो." शनिवारी त्याचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्हतं. ईस्टर उलटून गेला तरी नव्हतं. सगळा हिवाळा त्याने दुसऱ्यांचे बूट पुसले. त्यानंतर ग्लेन सग्डन मैदानात कधी बसला नाही.

पुढे तो मिडफिल्डला खेळला, चौदा वर्षं, तिसऱ्या नाहीतर चौथ्या डिव्हिजनमध्ये. क्लब वर चढला की हाही वर, खाली पडला की हाही खाली. त्याच्या खेळात बघण्यासारखं काही नव्हतं. पळायचा, आडवा जायचा, चेंडू काढून घ्यायचा आणि ज्याला खेळता येतं त्याच्याकडे द्यायचा. लोक त्याला बघायला यायचे ते तो उठायचा कसा ते बघायला. चिखलात असा आपटायचा की वाटावं, आता झोळी आणा. आणि हा उभा! सगळं मैदान आरडाओरडा करायचं. एकदा कपच्या सामन्यात पहिल्या डिव्हिजनचा बडा क्लब आमच्या चिखलात आला. ग्लेनचं खांद्याचं हाड तासाभरातच मोडलं, आणि तो एक हात पोटाशी धरून शेवटपर्यंत खेळला. आम्ही हरलो. त्या क्लबच्या मॅनेजरने येऊन त्याची पाठ थोपटली, म्हणाला "शाब्बास", आणि उन्हाळ्यात आमच्या विंगरला विकत घेऊन गेला. ग्लेन त्या विंगरच्या निरोपाला माझ्याच बैठकीत बसला होता. तोंडभर हसत होता. मला त्या हसण्याची कीव आली होती.

गुडघे गेले तेव्हा त्याला तेहेतिसावं चालू होतं. जिना उतरायचा तर आडवा उतरायचा, खेकड्यासारखा. क्लबने त्याला पोरांचा कोच केला. बर्टविसल तोवर मरून गेला होता, पण त्याचं ते "दुखतंय का रे" ग्लेनने जसंच्या तसं उचललं, आवाजासकट. मी त्याला एकदा तोंडावर विचारलं, "तुला त्या म्हाताऱ्याने हिवाळाभर रडवलं, आणि तू तेच करतोस?"

"त्यानेच मला घडवलं, मावशी."

"घडवलं? गुडघे बघ स्वतःचे."

"गुडघे सगळ्यांचेच जातात. मी चौदा वर्षं काढली. माझ्याबरोबरचे एक वर्ष तरी टिकले का?" मग म्हणाला, "मला एकच पोरगा वर पाठवायचाय. एकच. पहिल्या डिव्हिजनमध्ये. मग मी गप्प."

तो एकच पोरगा म्हणजे शॉन ऑलरनशॉ. ग्रिम्सबीचा, बाप मासेमारीच्या बोटीवर, घरात भावंडांची रांग. माझ्याकडे आला तेव्हा नुसती काठी होती. पण त्याच्या पायात चेंडू आला की "आम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही" असं म्हणणाऱ्या बायकाही बोलायच्या थांबायच्या. ग्लेनला जे कधी जमलं नाही ते सगळं त्याला जमायचं. आणि शिवाय ग्लेनने त्याला आपलं उठणं शिकवलं.

पहिल्या महिन्यात शॉन एकदा बसला. फक्त एकदाच. टाच सोलवटून रक्त आलेलं. ग्लेनने विचारलं, पोरगं भोळं, म्हणालं "हो बॉस, थोडं", आणि बाकावर बसलं. मग नाताळपर्यंत जर्सीच्या पिशव्या वाहिल्या. जुन्या पोरांपैकी कुणी त्याला आधी सांगितलं नव्हतं. सांगत नाहीत. स्वतः फसलेले असतात ना, मग दुसऱ्याने का सुटावं?

त्यानंतर पोराचा विश्वासच उडाला. ग्लेनवरचा नव्हे, ग्लेनला तर तो देव मानायला लागला. बाकी सगळ्यांवरचा. अंगठ्याचं नख उपटलेलं असताना माझ्या टेबलाशी बसून खिमा-बटाटे खायचा, आणि मी विचारलं, "काय रे, पाय?" की म्हणायचा, "मस्त!" मी गरम पाण्याची पिशवी त्याच्या पांघरुणात सरकवायची, सकाळी ती दाराबाहेर ठेवलेली असायची. मला वाटायचं लाजतो. एक दिवस माझ्याकडेच राहणाऱ्या दुसऱ्या पोराने हसत हसत सांगितलं, "मावशी, त्याला वाटतं तुम्ही बॉसला सांगता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिखलाने माखलेल्या चाळीस-चाळीस जर्स्या धुणारी बाई मी, आणि मी हेर?

"मूर्ख आहेस का रे?" मी शॉनला म्हटलं. "मी कशाला सांगू?"

तो गोड हसला. "तुम्ही असंच म्हणणार ना मावशी." माझा राग जिथल्या तिथे जिरला, कारण पोराला मला दुखवायचं नव्हतं. त्याला फक्त फसायचं नव्हतं.

तो अठरा पूर्ण करणार होता मे महिन्यात. क्लब ठेवेल यात शंका नव्हती, पण फेब्रुवारीत बातमी आली की शहरातल्या मोठ्या क्लबचा माणूस त्याला बघायला येतोय. युवा कपचा सामना, आमच्याच मैदानावर. ग्लेन दोन दिवस जेवला नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन येरझाऱ्या घालायचा आणि मला म्हणायचा, "त्याला नीट खायला घाल." जसं काही मी एरवी उपाशी ठेवते. शॉन मात्र शांत. त्याने आईला फोन केला, गल्लीच्या टोकावरच्या सार्वजनिक फोनवरून, आणि परत येऊन म्हणाला, "आई विचारते, वरच्या क्लबवाले राहायला खोली देतात का. धाकट्याला घेऊन येईन म्हणते." म्हणजे तिकडे घरात सगळ्यांनी आधीच सामान बांधलं होतं.

मी नेहमीप्रमाणे खेळाडूंच्या बाकामागे उभी होते, चहाचा थर्मास घेऊन. मोठ्या क्लबचा माणूस, डनफर्ड त्याचं नाव, माझ्यापासून हातभर अंतरावर कठड्याला टेकून खिमा भरलेली पेस्ट्री खात होता. रस्सा हनुवटीवर आला तरी त्याचं लक्ष मैदानातून हलत नव्हतं. चांगल्या दुकानातला कोट, पण बूट आमच्यासारखेच चिखलाने भरलेले. मला तो माणूस आवडला होता, खोटं कशाला बोलू?

वीसेक मिनिटांत शॉनला नडगीवर लाथ बसली. त्यांचा जाडा हाफबॅक, मुद्दामच. आवाज मला आला. शॉन पडला आणि ताबडतोब उठला, हात पायाकडे नेलासुद्धा नाही. लोक ओरडले, "सग्डनचा पोरगा!" ग्लेनची मान ताठ झाली. त्यानंतरही शॉन अर्धा तास असा खेळला की डनफर्डने पेस्ट्री अर्धी टाकून दिली. एक गोल त्याने केला, एक दुसऱ्याकडून करवून घेतला.

पण मी त्याला रोज जिना चढताना बघत होते. मध्यंतरानंतर तो डाव्या पायावर वळेनासा झाला. चेंडू मागे गेला की आधी थांबायचा, मग सगळं अंग फिरवायचा. ओठ पांढरेफटक. मी बाकावरून वाकून म्हटलं, "ग्लेन, त्याचा पाय गेलाय."

"दिसतंय मला."

"मग काढ ना बाहेर!"

ग्लेन उठला. त्याच्या हाताशी दोन राखीव पोरं अंग गरम करत होती, खेळाडू बदलताना पंचाला दाखवायच्या नंबरांच्या पाट्या बाकाला टेकून ठेवलेल्या होत्या. त्याने मागे वळून डनफर्डकडे बघितलं. मग रेषेपाशी गेला. चेंडू बाहेर गेला होता, शॉन फेकायला आमच्याच बाजूला आला. ग्लेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्या माणसाला वीस वर्षं ओळखत होते, आणि शपथेवर सांगते, त्या वेळी त्याचा आवाज खरा होता.

"दुखतंय का रे? बस जरा. खरंच सांगतो, बस."

शॉनने त्याच्याकडे बघितलं आणि तो हसला. अगदी लबाड, लाडकं हसू. "काय बॉस! आज पण?"

"शॉन, आज तसं नाही."

"बरं बरं," म्हणत त्याने चेंडू डोक्यावर धरला आणि फेकला. ग्लेन तिथेच उभा राहिला. मग येऊन बसला. पाट्या जागच्या जागी होत्या.

"पाटी दाखव!" मी ओरडले. "त्याला काय विचारतोस? पाटी दाखव!"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी सांगितलं त्याला. तो नको म्हणतोय."

दहा मिनिटांनी शॉन त्याच जाड्या पोराच्या आडवा गेला, अगदी ग्लेन जायचा तसा, आणि नडगी मोडली. कडाक्याच्या थंडीत फांदी मोडते तसा आवाज झाला. जाडा पोरगा तोंडावर हात घेऊन बाजूला पळाला. पंच शिट्टी वाजवत राहिला. आणि शॉन उठायला लागला. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला, आणि हा दोन्ही हात चिखलात रोवून उठतोय. पडला. पुन्हा उठला. आमची माणसं, ज्यांच्या घरी स्वतःची पोरं आहेत ती माणसं, टाळ्या वाजवायला लागली. तिसऱ्यांदा तो उठत होता तेव्हा ग्लेन त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याने त्याला अंगाखाली दाबून धरलं, हलू नये म्हणून. पोरगा खालून म्हणत होता, "मी बसलो नाहीये बॉस. मी बसलो नाहीये."

रुग्णवाहिका गेल्यावर ग्लेन बाकाशी आला. त्याच्या हाताला चिखल होता. डनफर्डने हनुवटी पुसली आणि म्हणाला, "वाईट झालं. पोरगा कामातून गेला."

"हो साहेब."

"तो शेवटचा प्रकार, तीनदा उठला तो. ते त्याला शिकवलं कुणी?"

मला वाटलं, आता ग्लेनच्या कानाखाली बसणार. मी देवाकडे तेवढंच मागत होते.

"मी," ग्लेन म्हणाला.

डनफर्डने मान हलवली. "आमच्याकडची पोरं नख मोडलं तरी डॉक्टर मागतात. तू आमच्याकडे ये. आमच्या मॅनेजरसाहेबांना तुझ्यासारखाच माणूस हवाय."

मी थर्मासचं झाकण लावलं आणि घरी आले. आणखी एक मिनिट तिथे थांबले असते तर त्या दोघांपैकी एकाच्या डोक्यात तो थर्मास घातला असता.

शॉनच्या पायात पट्ट्या-स्क्रू घातले. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, फुटबॉल विसरा. कुणाला सांगितलं? क्लबला सांगितलं. पोराला सांगायचं काम क्लबने ग्लेनवर टाकलं, तशीच पद्धत आहे. पोरगा माझ्या बैठकीत, खिडकीशी, प्लास्टर स्टुलावर ठेवून बसलेला. ग्रिम्सबीहून आई येऊन गेली होती, पण घरी लहानगे असल्यामुळे तिला थांबता आलं नाही. ती जाताना मला म्हणाली, "सग्डनसाहेब बघतील ना हो त्याचं?" मी तिला बसमध्ये बसवून आले.

ग्लेन आला, पाय पुसून आत आला. मी स्वयंपाकघराचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. त्याने आडवळणं घेतली नाहीत, तेवढं श्रेय देते. म्हणाला, "क्लब तुला ठेवत नाहीये, शॉन. पाय पुन्हा तसा होणार नाही."

शॉन म्हणाला, "बरं बॉस."

"आणि मी पण चाललोय. सोमवारपासून. डनफर्डकडे."

मी कान टवकारले. आता पोरगा रडेल, शिव्या देईल, स्टूल फेकेल. फेकावं, माझं स्टूल होतं, माझी परवानगी होती.

"तुम्हाला घेतलं?" शॉन ओरडलाच. "पहिल्या डिव्हिजनला? त्या सामन्यामुळे?"

"हो."

"म्हणजे आपण गेलोच की वर, बॉस!" आणि पोराने हात पुढे केला. ग्लेनने तो हातात घेतला आणि मग त्याला रडू कोसळलं. एवढा मोठा गडी हुंदके देऊन रडत होता, आणि मोडक्या पायाचं पोर त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होतं, "असू दे, असू दे."

मी ग्लेनला चहा विचारला नाही. दारात त्याने मला गाठलं, डोळे लाल. "मावशी, मी त्याला बस म्हणालो होतो. तू ऐकलंस. त्या दिवशी मी खरं बोलत होतो."

"ऐकलं," मी म्हटलं. "तू त्याला विचारलंस. कोच विचारत नाही, ग्लेन. कोच पाटी दाखवतो."

मला वेड्यासारखं वाटत होतं की हा आता म्हणेल, नाही जात. मी नोकरी घेत नाही. दारात चांगला मिनिटभर उभा होता. मग आडवा होऊन पायऱ्या उतरला आणि सोमवारी नोकरीवर हजर झाला. आजही तिथेच आहे. पोरं त्याला फार मानतात म्हणे.

मी दार लावून आत आले. शॉनचा चेहरा उजळलेला होता. "मावशी, आता बघा. त्यांचं बस्तान बसलं की मला बोलावून घेतील."

"तसं म्हणाला तो?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मी बरा झालो की बोलावतील."

त्याच्या आईचा चेहरा माझ्यासमोर आला, आणि त्या घरात बांधून ठेवलेलं सामान. कुणीतरी या पोराशी एकदा तरी खरं बोलायला हवं होतं. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले, त्याचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, "शॉन, ऐक. तो बोलावणार नाही. तू परत खेळणार नाहीस, डॉक्टरांनी सांगितलंय. संपलं, बाळा. आता रड हवं तेवढं, मी कुणाला सांगायची नाही."

त्याने माझ्या डोळ्यांत नीट बघितलं. आणि मग हळूहळू ते हसू आलं, लबाड, लाडकं.

"तुम्हीपण ना मावशी!" तो म्हणाला. "बॉसनी सांगितलंय ना तुम्हाला, असं म्हणून बघा म्हणून?"

मी नाही म्हटलं. जेवढ्या वेळा नाही म्हटलं तेवढं ते हसू वाढत गेलं. मग त्याने खिडकीची चौकट धरली आणि मी अडवायच्या आत उठून उभा राहिला, प्लास्टरच्या पायावर, घाम फुटलेला, माझ्याकडे बघत, आता मी काय म्हणते याची वाट बघत.